खोल पाण्यात उघडलेली भिंत

पाणबुडीची काळी भिंत कडाडली, तसा सुकाणूवरचा हिरू पागधरेचा हात थबकला. कॅमेरे दाबाने केव्हाच फुटले होते, बाहेरचं काही दिसत नव्हतं. खाली कुठेतरी तिचा भाऊ जगन अशाच पाणबुडीत अडकला होता आणि त्याच्याकडे तासाभराचीच हवा उरली होती.

“बाई, भिंत फुटतेय!”

“फुटत नाही, कंबर कसतेय,” शेजारी बसलेल्या, भिंतीचा हा बोराइड धातू घडवणाऱ्या गद्रेबाई म्हणाल्या. “दाबाखाली याचे अणू सरकून नवी रचना धरतात. धातू आणखी कठीण होतो आणि त्यातून आरपार दिसू लागतं. अजून खाली चल.”

“तुम्ही पाहिलंय?”

“प्रयोगशाळेत, दोन हिऱ्यांच्या चिमट्यात दाबून. कणभर.”

“कणभर! आणि तेवढ्यावर आम्हाला दर्यात सोडलंत होय?” असं म्हणत हिरूने पाणबुडीचं नाक खाली वळवलं.

पुन्हा कडाडलं. भिंत कोऱ्या चहासारखी तांबूस झाली, मग काचेसारखी निवळली. दिव्याच्या उजेडात, उजवीकडे, जगनची पाणबुडी गाळात रुतलेली दिसली. तिचीही भिंत निवळली होती आणि आत जगन दोन्ही हात हलवत होता.

गद्रेबाई निवळलेल्या भिंतीवर ठेवलेला हात काढीनात.

“वर गेल्यावर तुमच्या धातूला नारळ फोडते, बाई,” दोराचा आकडा जगनच्या पाणबुडीकडे सोडत हिरू म्हणाली. “आधी दोर सांभाळा.”