माईक नको

“हेडफोन चांगला दे गं, पण त्याचा माईक काढून टाक. कॉम्प्युटर मात्र गेमपुरता, स्वस्तातलाच जोडून दे,” कुमुदने फोनवर बजावलं होतं.

आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जुनं ग्राफिक्स कार्ड नव्या कॅबिनेटमध्ये बसवताना वैजूच्या कानात तेच घुमत होतं. साठीची बालमैत्रीण, जन्मात पत्त्यांना हात लावला नाही, तिला कसला गेम? आणि कान हवेत, तोंड नको? कुठेतरी पाणी मुरत होतं. कुमुद आली तशी वैजूने सरळच विचारलं, “कुणावर पाळत ठेवतेयस?”

“लेकावर,” कुमुद मान खाली घालून म्हणाली. “दोन वर्षं माझा फोन उचलत नाही. या गेममध्ये मात्र परक्यांशी तासन्‌तास बोलतो म्हणे. मीही परकीच होऊन बसेन. माईक असला तर तोंडून हाक जाईलच माझ्या, मग तो तिथूनही उठून जाईल.”

“अगं, खेळता आलं नाही तर तेच हाकलतील तुला!”

“तू शिकव की.”

“शिकवते,” वैजू म्हणून गेली.

शेकडो कॉम्प्युटर जोडणाऱ्या वैजूने गेम एकही खेळला नव्हता. कुमुद गेल्यावर तिने गुपचूप खुर्ची पुढे ओढली आणि पहिला धडा उघडला.