साखरीची सुई

रक्षाने सुई टोचली, बाहेर काढली, आणि मग तिचं लक्ष वाटीकडे गेलं. वाटी भरलेलीच होती.

आधी खाणं, मग सुई. सुरतच्या डॉक्टरांनी एवढं एकच घोकून घेतलं होतं. मांजरीने खाल्लं नसेल तर इन्सुलिन द्यायचं नाही. अंगातली साखर पार उतरते आणि मांजर हातची जाते. पण आज रक्षाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. भोंगऱ्या बाजाराचे दिवस. होळीच्या आधी डोंगरातली माणसं कपडे घ्यायला तळोद्यात उतरतात, आणि नवरा, पारस, माल घेऊन मोलगीच्या बाजाराला गेलेला. सकाळपासून ती एकटीच दुकानात कापड फाडत होती. घरी पोचली तेव्हा दिवस बुडाला होता. तिने वाटीत मांजरीचे विकतचे दाणे ओतले, मांजर वाटीपाशी आली, आता खाईलच असं धरून तिने सुई देऊन टाकली.

मांजरीचं नाव साखरी, आणि रोगही निघाला साखरेचाच. गल्लीने हसून घेतलं. हसणाऱ्यांचं काय जातं? सुई रक्षाला द्यावी लागे, सकाळ-संध्याकाळ, सण नाही की वार नाही. मांजर मात्र सासूबाईंची, लहरीबाईंची. त्यांना सिरिंजवरच्या बारीक रेघा दिसत नसत आणि हातही कापे. त्या नुसत्या शेजारी बसत. रक्षाने सुई काढली की हात जोडून पुटपुटत, "मिच्छामि दुक्कडं." माझं चुकलं, क्षमा कर. संवत्सरीला जैनांच्या घराघरांत एकमेकांना म्हणायचे हे शब्द. इथे रोज दोनदा मांजरीची माफी! रक्षाला ते सुईपेक्षा जास्त टोचे. राबायचंही आपणच आणि पापाचे धनीही आपणच. पण सासूला बोलणार कोण? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आजही म्हणून झालं होतं. मग लहरीबाई माळ घेऊन सामायिकाला, रोजच्या जपाला, बसल्या. ते पुरं होईपर्यंत त्या कुणाशी बोलत नसत.

रक्षाने वाटी पुढे सरकवली. साखरीने तोंड फिरवलं. पनीर दिलं, तळहातावर दाणे धरले. छे! ते दाणे कशाचे असतात हे घरात कुणी कधी विचारायचं नाही असं ठरलं होतं, आणि आज तेही गोड लागेनात. तिने सुरतला फोन लावला.

"काहीही करून खाऊ घाला," डॉक्टर म्हणाले. "डोलायला लागली तर हिरड्यांना मध चोळा."

मध? या घरात मधाचं बोट कधी कुणी चाटलं नव्हतं, तसं तिने सांगितलं.

"मग साखरेचं पाणी लावा. पण पोटात अन्न गेलंच पाहिजे."

तासाभराने साखरी उठली आणि तिचे मागचे पाय फाकले. डोलत डोलत चार पावलं गेली आणि बसली. रक्षाने तिला मांडीवर घेतलं, बोटाने साखरेचं पाणी हिरड्यांना लावलं. साखरीने डोळे जरा उघडले. वाटीकडे मात्र बघेना. रक्षा रडायलाच लागली. थकून म्हणा, भीतीने म्हणा. गेली तर सुटेन एकदाची, असंही तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्याचंच तिला जास्त रडू आलं.

"ती आशी खास नही."

लहरीबाईंचं सामायिक संपलं होतं. तीन पिढ्या तळोद्यात गेलेल्या. तोंडी मारवाडीपेक्षा अहिराणीच जास्त.

"मी ताटवर बसस, तवय ती खास."

खरंच की. रोज सूर्य मावळायच्या आत सासूबाई जेवायला बसत. त्यांनी पहिला घास घेतला की साखरी वाटीत तोंड घाली. रक्षाने कधी तिकडे नीट लक्षच दिलं नव्हतं. आज वाटीत दाणे पडले तेव्हा ते ताट केव्हाच घासून पालथं पडलं होतं. लहरीबाईंचा चौविहार होता. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीही नाही. गेल्या वर्षी तापाने घसा सुकला तरी उजाडेपर्यंत त्या पेल्याला शिवल्या नव्हत्या.

त्यांनी माळ डोळ्यांना लावून खुंटीला अडकवली आणि रोजच्या जागी येऊन बसल्या.

"बेटा, खाखरा दे."

"बाईजी, दिवस बुडी गया."

"इतलं दिखस माले."

रक्षाने खाखरा दिला. लहरीबाईंनी तुकडा मोडला, तोंडात घातला, सावकाश चावला. साखरीने मान वर केली. मांडीवरून उतरली, अडखळत वाटीपाशी गेली. दाणे कुडकुडल्याचा आवाज आला. सासूबाई थांबल्या की तीही थांबे. म्हणून त्यांनी अख्खा खाखरा संपवला.

वाटी रिकामी झाली तेव्हा त्यांनी हात जोडले. "मिच्छामि दुक्कडं."

आता मात्र रक्षाला राहवलं नाही.

"बाईजी, तुम्हीन रोज या मांजरनी माफी काबर मांगतस?"

"मांजरनी?" लहरीबाईंनी तिच्याकडे मान वळवली. "मी तर तुले म्हनस, बेटा. तिन्हामा जीव मन्हा गुतेल शे, नि सुई तुन्हा हातमा."