आलदहळ्ळी, तालुका अक्कलकोट

"आलदहळ्ळी नावाचं गाव आता नाही," गुरुशांतनं सांगितलं. "यादीत नाही, नकाशात नाही. पोस्टही केव्हाच बंद झालं."

"मंग गेलं कुटं?" गोजाबाईनं विचारलं. "गाव काय मेंढरू हाय व्हय, चुकायला?"

सांगोल्याकडच्या धनगरवाडीतून दोन एसट्या बदलून ती सोलापुरात त्याच्या घरी आली होती. नातीनं तिला पेपरातली बातमी वाचून दाखवली होती: टपाल खात्यात गावोगावची पत्रं निवडणारा सॉर्टर म्हणून आयुष्य काढलेला एक माणूस टपालाच्या जुन्या शिक्क्यांवरून हरवलेली गावं शोधतो. गुरुशांतच्या वहीत असे तीनशे बारा शिक्के होते, पत्रांवरून नीट कापून डकवलेले. गावं उठली, पोस्टं मिटली, नावं बदलली. वहीत मात्र सगळी जागच्या जागी होती. त्याची बायको त्याला मेलेल्या गावांचा तलाठी म्हणायची.

त्यानं पान उलटून शिक्का दाखवला. फिकट झाला होता, पण नाव लागत होतं. गोजाबाईनं त्यावर बोट ठेवलं आणि तेच बोट कपाळाला लावलं.

"हितंच गेलं आमचं धनी. नाव घिऊ न्हाय, पर घेती आता. येडू. दुसऱ्याच्या मेंढ्या राखायला गेलतं, आलदहळ्ळीच्या शिवारात उतरतो म्हनलं होतं. मला तिथली मूठभर माती पायजे. मी मेले की ती माज्यावर टाका म्हनून पोरास्नी सांगून ठिवलंय. चाळीस वर्सं झाली, लई जनास्नी इचारलं. गावच घावंना."

"गेल्याचं कळलं कसं?"

"कारड आलं की. आमी रानात होतो. पोस्टमन कुंपनाच्या काट्याला अडकवून गेलता. कोपराच न्हवता कारडाला."

मरणाची खबर देणाऱ्या पत्राचा कोपरा फाडायची रीत गुरुशांतला ठाऊक होती. असं पत्र उंबऱ्याच्या आत कुणी नेत नसे.

"काय लिहिलं होतं त्यात?"

"वाचाया येतं कुनाला? आन वाचायचं तरी काय? कोपरा न्हाय, म्हंजे कळलंच की. दिरानं बांधावरच फाडून टाकलं. आंगुळी केल्या. मी बांगड्या फोडल्या."

गुरुशांतनं वही मिटली. "साल कोणतं?"

"वाडीत लाईट आली त्या साली. नात चौऱ्याऐंशी म्हनती. शिमगा तोंडावर आलता."

गुरुशांतचे गुडघे कामातून गेले होते. घराचा जिना उतरायचा म्हटलं तरी त्याच्या कपाळाला आठ्या पडत. गाव कागदावर शोधायचं आणि पत्ता लोकांच्या हातात द्यायचा, एवढंच तो करी. पण काठी हातात घेत तो म्हणाला, "मी येतो तुमच्याबरोबर."

"देवमानूस हायसा, अण्णा," गोजाबाई म्हणाली. त्यानं वही कपाटात ठेवून दिली.

गाव सापडायला चार दिवस लागले. कानडीत आलद म्हणजे वड. त्या धाग्यानं गुरुशांत जुने उतारे पाहत गेला आणि मैंदर्गीच्या पुढं, सीमेला लागून, वडाची वस्ती हाती लागली. विहिरी आटल्यावर आलदहळ्ळी उठून रस्त्याकडेला आली होती आणि येताना नाव मराठी करून घेतलं होतं. दोघं तिथं पोचली, तेव्हा सात घरं उरली होती. त्यातली तीन कुलूपबंद.

त्या काळी पोस्ट सांभाळणारा सिद्धाप्पा अजून होता, ऐंशी ओलांडलेला. येडूचं नाव काढताच तो बाजेवरून उठला आणि दोघांना जुन्या गावठाणात घेऊन गेला. बाभळी माजल्या होत्या. पोस्टाचा नुसता दगडी कट्टा शिल्लक होता. कट्ट्यामागं एक उंचवटा होता, वर चार धोंडे.

"हितं हाय त्यो," सिद्धाप्पा म्हणाला. "पाय मोडला बघा त्याचा. कळपवाला मेंढ्या घेऊन फुडं गेला, ह्याला माझ्या कट्ट्यावर टाकून. शिवरात्र झाली आन मीच कारड लिवलं, ह्यानं सांगितलं तसं. 'गोजा, गाडी घिऊन ये, मला चालवत न्हाय.' मग रोज टपालाची थैली यायच्या येळेला दाराशी सरकत यायचा. पाय सडला, तरी यायचा. श्रावणात गेला."

"श्रावनात?" गोजाबाईनं विचारलं.

"व्हय. घरचं कोन आलं न्हाय. गावानंच माती दिली. तुमी कोन त्याच्या?"

ती उंचवट्याशी खाली बसली. हात मातीत गेला होता, पण मूठ वळेना. शिमग्याच्या आधी तिनं बांगड्या फोडल्या होत्या. पाच महिने येडू जिवंत होता, आणि ती कपाळ पुसून बसली होती. बैलगाडीनं चार दिवसांची वाट. ती चालतसुद्धा आली असती. पाठुंगळी घेऊन गेली असती त्याला.

तिला रडू येत नव्हतं, रागच येत होता, आणि राग काढायला समोर सिद्धाप्पा होता.

"जित्त्या मानसाच्या कारडाचा कोपरा का फाडलास रं?"

"मी?" सिद्धाप्पा गडबडला. "मी कशाला फाडू, आक्का? त्या कोपऱ्यातल्या तिकिटावर शिक्का मारला मी, माझ्या हातानं. धड कारड टाकलं थैलीत. देवाशपथ."

"मंग फाडला कुनी?"

गोजाबाईनं गुरुशांतकडं पाहिलं. टपालातलं त्याला सगळं ठाऊक होतं, त्यानंच सांगावं.

गुरुशांत तिच्यासमोर बसायला वाकला. गुडघे वाकेनात, म्हणून तसाच काठीवर ओणवा राहिला.

"सोलापुरात, सॉर्टिंगच्या टेबलावर," तो म्हणाला. "फाडला नाही, कापला. बावीस वर्षांचा होतो मी, आणि आलदहळ्ळीचा शिक्का माझ्याकडं नव्हता."