अडकलेली हवा

बेलवलीच्या श्यामकांतांनी गाडीचा फुटलेला पाइप स्वतःच बदलला, इंजिन थंड ठेवणारं नवं कूलंट भरलं, तरी इंजिन तापतच होतं. आत हवा अडकली होती. ती काढायची तर एकाने बॉनेटपाशी उभं राहून बुडबुडे बघायचे आणि दुसऱ्याने आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. आत बसायचं काम नेहमी त्यांच्या बायकोचं, आणि पद्मजाला जाऊन चार महिने झाले होते. शेवटी त्यांनी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या स्वप्नालीशी लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे त्यांची ओळख नव्हती. “ताई, दहा मिनिटं खाली येता? जरा अ‍ॅक्सिलरेटर दाबायचाय.” “मला गाडी चालवता येत नाही, काका.” “गाडी जागची हलणार नाही.” पार्किंगच्या चढावर नाक वर करून उभ्या असलेल्या गाडीत ती बसली. त्यांनी इंजिन चालू करून हीटर लावला. “एवढ्या उकाड्यात हीटर कशाला?” “त्याशिवाय हवा बाहेर पडत नाही.” तिने अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि रेडिएटरच्या उघड्या तोंडाशी बुडबुडे फुटू लागले. घाम पुसत ती बोलत राहिली: सावंतवाडीची आई, नवऱ्याची अंबरनाथच्या कंपनीतली पाळी, लेकीचा पडलेला दात. श्यामकांत मध्येमध्ये ‘हं’ म्हणत होते. इतका वेळ सलग त्यांच्याशी बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं. बुडबुडे विरळ झाले, मग थांबले. “झालं का, काका?” तिने विचारलं. हिरवं कूलंट काठोकाठ संथ झालेलं श्यामकांतांनी नीट पाहिलं. “नाही,” ते म्हणाले, “अजून थोडी हवा आहे.”