सर्व्हरवरची नोंद

देवश्री म्हैसूरच्या हेब्बाळमधल्या एका छोट्या कंपनीत मेल सर्व्हर सांभाळायची. मॅनेजर अंगचटीला येतो, अशी मेल तिने तक्रार समितीच्या अध्यक्षा भवानीबाईंना केली. पंधरा दिवस उत्तर आलं नाही, म्हणून ती त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"मेल आलीच नाही गं. तुझ्याच सर्व्हरने गिळली असेल," बाई हसल्या. "सुम्ने, उगाच टेन्शन कशाला घेतेस?"

देवश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जागेवर येऊन तिने सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. तिची मेल बाईंच्या खात्यात, पाठवली त्याच दिवशी ११:०४ ला पोचली होती.

११:०६ ला ती बाईंच्या खात्यातून मॅनेजरकडे गेली होती. विषय होता, 'जपून राहा.'