रुजवात

"पुन्हा वाचा," हंबीरराव म्हणाले, म्हणून डॉक्टर विद्याश्रींनी अहवाल तिसऱ्यांदा वाचला. तिसऱ्यांदाही त्यात तेच होतं. राजवर्धनचे स्नायू खाणारा दोष त्याला आईकडून, म्हणजे हंबीररावांच्या लेकीकडून, वर्षाराणीकडून आला होता. पण वर्षाराणीला तो तिच्या आईकडून आलेला नव्हता. आईच्या, शालूबाईंच्या रक्तात काहीही सापडलं नव्हतं, आणि हंबीररावांच्याही नाही.

वर्षाराणी शेजारी मान खाली घालून बसली होती. तिसरी खुर्ची रिकामी होती. चार महिन्यांपूर्वी कोल्हापुरातल्या याच दवाखान्यात चौघांनी रक्त दिलं होतं. "माझं नीट बघा," एवढंच शालूबाई तेव्हा बोलल्या होत्या. अहवाल यायच्या आधीच, मार्गशीर्षात, त्या गेल्या.

त्यांना हा निकाल का हवा होता, ते सगळ्या गारगोटी गावाला ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी चार वर्षांचा नातू चालता चालता पडू लागला, तेव्हा हंबीररावांनी स्वतःच निकाल देऊन टाकला होता. तुझ्या माहेरचं रक्त! पुरावा काय, तर मलकापूरचा मेव्हणा जोतीराम लंगडतो. जोतीराम पोलिओनं लंगडत होता, पण निकाल दिल्यावर पुरावा कोण तपासतो? शालूबाईंचं मलकापूर बंद झालं. त्यांची आई वारली, तेव्हाही त्यांना जाऊ दिलं नाही. राजवर्धन आता अकरा वर्षांचा होता आणि त्याला उचलून न्यावं लागत होतं.

"तिच्यात न्हाई, माझ्यात बी न्हाई म्हंतासा," हंबीरराव म्हणाले. "मग आलं कुठनं?"

तुम्ही काय काम करत होता, असं डॉक्टरांनी त्यांना विचारलं. तालुक्याच्या कचेरीत तीस वर्षं नक्कल कारकून, त्यांनी सांगितलं. आणि नेहमी जे जोडायचे तेही जोडलं, की तीस वर्षांत आपल्या नकलेत एक चूक निघाली नाही. हे खरंच होतं. रुजवात घेणारा, म्हणजे मूळ कागदाशी नक्कल ताडून बघणारा कारकून, हंबीररावांचं मोत्यासारखं अक्षर दिसलं की न वाचता सही ठोकायचा. हंबीरराव कागद घरी आणून पहाटे नकला लिहायचे. त्यात विघ्न एकच, शालूबाईंचं. ते आंघोळीला गेले की त्या टेबल आवरायच्या आणि आठवड्यातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या पानावर चहा सांडायच्या. अख्खं पान पुन्हा लिहायला लागायचं. धांदरट म्हणून हंबीरराव त्यांना शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलायचे. पुढे पुढे तर हा धांदरटपणाही माहेरच्या रक्तातलाच ठरला.

नकलांचं नाव निघाल्यावर डॉक्टरांना सांगणं सोपं झालं. प्रत्येक पेशीत एक दप्तर असतं, त्या म्हणाल्या. दोन मीटर लांबीचा धागा, चारच अक्षरांत लिहिलेला. तो बारीक मण्यांवर गुंडाळलेला, ते मणी पुन्हा वेटोळ्यात बसवलेले, आणि रुमालात कागद बांधावेत तसं सगळं डोळ्यांना दिसणार नाही एवढ्या जागेत बांधलेलं. धागा दुपदरी असतो. एका पेशीच्या दोन व्हायच्या असल्या की पदर सुटे होतात आणि प्रत्येक जुन्या पदरासमोर नवा पदर लिहिला जातो. त्याची रुजवातही होते. चुकीचं अक्षर सापडलं की तेवढा तुकडा काढून टाकतात आणि पुन्हा लिहून घेतात. तरीही कोट्यवधी अक्षरांत एखादी चूक नजरेतून सुटते.

"वर्षाराणीला एक धागा आईचा मिळाला, एक तुमचा," डॉक्टर म्हणाल्या. "अक्षर गळलंय ते तुमच्या धाग्यातलं. तुमच्या मूळ प्रतीत ते आहे. हिच्या वाट्याला जी नक्कल आली, तिच्यात गळलं. ह्यात दोष कुणाचाच नसतो, काका."

शेवटचं वाक्य हंबीररावांना ऐकूच गेलं नाही. त्यांना शालूबाईंची माफी मागायची होती, आणि माफी मागायला बाईच उरली नव्हती. रडूसुद्धा येईना.

डॉक्टरांनी इंग्रजी अहवालाचा सारांश मराठीत चार ओळींत लिहून दिला. हे जोतीरामला कळवायला हवं, हंबीरराव म्हणाले, आणि त्यांनी कोरा कागद मागून घेतला. खाली झेरॉक्सचं दुकान आहे, असं वर्षाराणी म्हणाली. ही नक्कल मीच करणार, असं म्हणून ते बाहेरच्या बाकावर बसले. अक्षर पहिल्यासारखंच देखणं आलं. दोन्ही कागद त्यांनी लेकीपुढे धरले आणि सवयीनं रुजवात कर म्हणाले.

वर्षाराणी तिसऱ्या ओळीवर थांबली. मुळात 'शालूबाई यांच्यात दोष आढळला नाही' असं होतं. नकलेत 'नाही' नव्हतं. तिनं नुसतं बोट ठेवलं. सात वर्षं तोंडात बसलेलं वाक्य हातातून उतरलं होतं.

"तीस वर्षांत माझी एक चूक निघाली न्हाई," ते म्हणाले. "आजच कशी झाली?"

वर्षाराणीला गप्प राहता आलं असतं. तिची आई जन्मभर गप्प राहिली होती. लग्न झाल्या झाल्या आईनं एकदा हंबीररावांना त्यांच्या नकलेतली चूक दाखवली होती, तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते. त्यानंतर तिनं पुन्हा कधी चूक म्हणून बोट दाखवलं नाही.

"आबा, आईचा चहा उगा सांडायचा न्हाई," वर्षाराणी म्हणाली. "ज्या पानात तुमची चूक असायची, त्याच पानावर ती सांडायची."