तिसरं तिकीट

शनिवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी निशिकांतने पोर्तुगालची तिकिटं काढून संपवली. तीस मे, सिंगापूर ते फारो, तीन माणसं. सिंगापुरातल्या सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडाच ठेवून त्याने आळस दिला आणि जाहीर केलं, "झालं! आता माघार नाही."

सुलेखा पोह्यांवर ओलं खोबरं भुरभुरवत होती. जानेवारीपासून तिने या सहलीचा पिच्छा पुरवला होता. दक्षिण किनाऱ्यावर समुद्राला लागून दोन खोल्यांचं घर, गुहांच्या आत नेणारी छोटी होडी, मासे न खाणाऱ्याला कुठल्या गावात काय मिळेल याची यादीसुद्धा. फक्त तिकिटं नवऱ्याकडे सोपवली होती.

पंधरा वर्षांची कादंबरी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आईचा व्हिसा झाला?"

निशिकांतने वळून तिच्याकडे पाहिलं.

"आपल्या दोघांना नाही लागत, लाह," शेवटी सिंगापुरी हेल काढत ती म्हणाली. "आपले पासपोर्ट लाल, सिंगापूरचे. आईचा निळा. तिला लागतो ना?"

निशिकांतने कपाळावर हात मारला. "अरे देवा! डोक्यातून गेलंच."

"फेब्रुवारीत दोनदा सांगितलं होतं मी," सुलेखा म्हणाली. "आधी व्हिसाची तारीख घेऊ, मग तिकिटं. तू म्हणालास, मी बघतो."

"अगं, मार्चएंड होता."

त्याने लगबगीने व्हिसा सेंटरचं पान उघडलं. कागद द्यायला मिळणारी पहिली मोकळी तारीख होती नऊ जून. विमान सुटल्यानंतर दहा दिवसांची.

निशिकांतने आवाज मऊ केला. "एक सुचवू? चिडू नकोस. ते दहा-बारा दिवस तू पुण्याला जाऊन ये. आई-अप्पांकडे राहशील, आराम होईल. शिवाय मुळशीच्या जमिनीची मोजणी नेमकी चार जूनलाच आलीय. तिथलं सगळं बघणारे पद्माकरकाका म्हणत होते, मालक समोर उभा असलेला बरा. आणि डिसेंबरमध्ये आपण तिघं जाऊ की कुठेतरी. बालीला."

"पोर्तुगाल, बाली," कादंबरी म्हणाली. "सेम सेम."

"तू गप गं."

मुळशीची जमीन सुलेखाच्या नावावर घेतली होती. माहेरच्या सातबाऱ्यावर नाव असल्यामुळे घरात कागदोपत्री शेतकरी ती एकटीच. चार वर्षांपूर्वी निशिकांतने स्वतःसाठी आणि मुलीसाठी सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं, तेव्हा त्यानेच ठरवलं होतं की सुलेखाने भारतीयच राहावं. परदेशी माणसाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. सुलेखाने तेव्हा मान डोलावली होती.

आता तिने विचारलं, "मोजणीची नोटीस कधी आली?"

"झाले असतील दोन-तीन आठवडे."

"मला बोलला नाहीस."

"राहून गेलं. त्याचा इथे काय संबंध?"

सुलेखाने हात पुसले आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवला. हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीच्या ऑफिसात ती एकोणीस वर्षं बिलं तपासत होती. कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, ही तिची सवय. ईमेल दोन होते. पहिला नऊ एकतीसचा: प्रवासी दोन, निशिकांत आणि कादंबरी, तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत. दुसरा नऊ चाळीसचा: प्रवासी एक, सुलेखा, केव्हाही रद्द करता येईल, पूर्ण रक्कम परत.

"डोक्यातून गेलं होतं ना?" ती म्हणाली.

निशिकांतने स्क्रीनकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसायला घेतला.

"सावधगिरी म्हणून गं. वेळ काही सांगून येते का?"

"म्हणजे मी येणार नाही हे तुला माहीत होतं."

"माहीत नव्हतं. शक्यता धरली होती. आणि तिकीट काढलंच ना तुझं?"

"काढलंस. परत करायला."

कादंबरीने मोबाइल उपडा ठेवला. "बाबा, धिस इज नॉट फेअर, ओके?"

"मोठ्यांच्या बोलण्यात तू—"

"बोलू दे तिला." सुलेखाचा आवाज चढला नव्हता, पण तिच्या हातातला नॅपकिन पिळून दोरीसारखा झाला होता. "जमिनीसाठी मी भारतीय राहिले. आणि जे घर मी तीन महिने शोधलं, तिथे तुम्ही दोघं उतरणार. मी तिकडे मुळशीत शेताच्या बांधावर उभी. चार जूनला तू जा मुळशीला."

"मी जाऊन काय उपयोग? सातबारा तुझ्या नावावर आहे."

"मग तुझ्या नावावर करून घे."

"मला घेता येत नाही, सुलेखा. तुला माहितेय."

"माहितेय," ती म्हणाली. "म्हणून तर म्हणतेय."

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने व्हिसा सेंटरच्या प्रतीक्षा यादीत नाव घातलं. कोणी तारीख सोडली, तर यादीतल्या पुढच्या माणसाला ती मिळते. सुलेखाचा क्रमांक एकशे अठरा. विमानाला चाळीस दिवस होते.

संध्याकाळी घरच्या ग्रुपवर पद्माकरकाकांचा मेसेज आला. 'चार तारखेला मोजणीला कोण हजर राहणार? नाव लिहून द्यायचं आहे. शुक्रवारपर्यंत कळवा.'

गुरुवारी रात्रीपर्यंत तो सगळ्यांनी वाचलेला होता. उत्तर कोणीच दिलं नव्हतं.